दिवाळीनंतर परत येणारा विद्यार्थी

(बारामती येथे पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेतलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



काही दिवसांपूर्वीच तुकोबारायांची पालखी आपल्या भागातून गेली. बारामतीचा मुक्काम, पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी आणि इंदापूर. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वारकऱ्यांच्या पंगती उठल्या असतील. दिंडीत पहिल्यांदा चालणाऱ्या माणसाकडे कधी लक्ष दिले आहे का? लाखाच्या गर्दीत तो हरवत नाही. पहिल्याच दिवशी त्याला दिंडीचा क्रमांक पाठ करायला लावतात, कोणाच्या मागे चालायचे ते दाखवतात, रात्री कोणत्या तंबूत पाठ टेकायची ते सांगतात. चुकला तर तो क्रमांक सांगतो आणि कोणीतरी त्याला पोहोचवून देतो.

महाविद्यालयाची व्यवस्था अशी नसते. येथे तुमचे नाव यादीत येते, ओळखपत्र हाती पडते आणि त्यानंतर तुमच्याकडे कोणी पाहत नाही. शाळेत वर्गशिक्षक होते. तीन दिवस गैरहजर राहिलात तर घरी निरोप जायचा. येथे तीन आठवडे आला नाहीत तरी शेजारच्या बाकावरच्या मुलाला कदाचित पत्ता लागणार नाही. हा काही प्राध्यापकांचा दोष नव्हे. एवढ्या मोठ्या संस्थेत आपली जागा आपण शोधायची असते, आणि ती शोधण्याचे एकमेव साधन म्हणजे तोंड उघडून विचारणे. आज मी जे बोलणार आहे, ते या विचारण्याविषयीच आहे.

मी प्राध्यापक नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि पोटापाण्यासाठी पत्रकारिता करतो. लोकांना प्रश्न विचारून मी संसार केला, असे म्हटले तरी चालेल. पण अठराव्या वर्षी मला एकही प्रश्न विचारता येत नव्हता.

१९८८ साली मी इंदापूर तालुक्यातल्या एका गावाहून शिकायला बाहेर पडलो. माझ्याबरोबर माझ्याच गावचा एक मित्र होता. त्याचे नाव सांगत नाही, आणि आम्ही कोणत्या महाविद्यालयात होतो तेही सांगत नाही. त्याला आता महत्त्व उरलेले नाही. तो विज्ञान शाखेला, मी कला शाखेला. दहावीला आणि बारावीलाही त्याचे गुण माझ्यापेक्षा बरेच अधिक होते. एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. एक वातीचा स्टोव्ह, दोन पातेली, भिंतीला खिळ्यावर टांगलेले चार आरसे. घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एसटीने यायची. डबा उतरवून घ्यायला स्थानकावर आळीपाळीने जावे लागे.

पहिले सत्र संपले. दिवाळीला सगळे घरी निघालो. आम्ही तिघांनी पिशवीत दोन-दोन कपडे कोंबले. तो मात्र वळकटी आणि ट्रंक दोन्ही घेऊन निघाला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते. सुट्टी संपली, आम्ही परतलो, तो आला नाही. विचारले तेव्हा म्हणाला, "शेतीकडे बघायला कोणी नाही." आम्ही ते खरे मानले.

खरे कारण मला वीसएक वर्षांनी एका लग्नाच्या मांडवात कळले. त्या काळी ज्याला सगळे 'ईबीसी' म्हणत, त्या शुल्क सवलतीचा अर्ज त्याने भरला नव्हता. सूचना फलकावर लागली होती, पण ती इंग्रजीत होती. त्याने ती अर्धी वाचली आणि ती आपल्यासाठी नसावी असे समजून पुढे गेला. उत्पन्नाचा दाखला घेऊन खिडकीशी पोहोचला, तेव्हा मुदत उलटून गेली होती. आतून उत्तर आले, "आता पूर्ण फी भरा." तो मागे फिरला. खोलीत येऊन आम्हा तिघांना काही बोलला नाही. प्राध्यापकांकडे गेला नाही. घरी वडिलांना सांगितले असते तर त्यांनी बैल विकला असता, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्यांनाही सांगितले नाही.

"अरे, मला का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"हसाल असं वाटलं," तो म्हणाला.

पुढे आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांजवळ मी हा विषय काढला. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, प्राचार्यांच्या नावे एक साधा अर्ज दिला असता तर काम झाले असते. उशिरा आलेले अर्ज दरवर्षी घेतले जात.

माझा मित्र आज दुःखी आहे असे कृपा करून समजू नका. त्याची शेती उत्तम आहे, ठिबकवर ऊस आहे. मुलीच्या प्रवेशाच्या वेळी मात्र तो स्वतः खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि सर्व कागद पुरे होईपर्यंत तीन तास हलला नाही. खिडकीतल्या माणसाला तो भांडखोर वाटला असेल. असो. पण एक पदवी, कदाचित एक संशोधक, एका न विचारलेल्या प्रश्नापायी गेला, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. गळती म्हणून आपण जिला संबोधतो, ती अनेकदा अशी मुकाट्याने होते. त्यात नापास होणे नसते. मुलगा दिवाळीला घरी जातो आणि परत येत नाही, एवढेच.

पहिल्या आठ दिवसांत

म्हणून माझी पहिली सूचना अगदी क्षुल्लक वाटेल. पहिल्या आठ दिवसांत तीन माणसांशी बोला. एक, कार्यालयात शिष्यवृत्तीचे काम पाहणारे लिपिक. दुसरे, तुमच्या मुख्य विषयाचे एखादे प्राध्यापक, तास संपल्यावर, दाराशी. तिसरे, ग्रंथालयातील कर्मचारी. बोलण्याला विषय हवा असेल तर फक्त नाव, गाव आणि विषय सांगा. पुढे अडचण आली म्हणजे तुम्ही अनोळखी राहत नाही.

त्याच आठवड्यात आपला अभ्यासक्रम कसा मोजला जातो ते समजून घ्या. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्यातील पदवी अभ्यासक्रम आता श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर चालतात. एक क्रेडिट म्हणजे साधारणपणे सत्रातले पंधरा तासांचे अध्यापन. प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. ही क्रेडिट तुमच्या नावाने शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा होतात. तेथे खाते उघडले आहे का, नाव आधारवरच्या नावाशी जुळते का, हे आताच पाहा. आपल्याकडे वडिलांच्या नावात 'राव' एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो. तिसऱ्या वर्षी त्या दोन अक्षरांपायी हेलपाटे घालणारी मुले मी पाहिली आहेत.

या नव्या रचनेचा एक लाभ माझ्या मित्राला मिळाला नव्हता, तो तुम्हाला आहे. घरच्या अडचणीने मध्येच थांबावे लागले तरी पूर्ण केलेल्या सत्राची क्रेडिट वाया जात नाहीत. ठरलेल्या मुदतीत परत येऊन पुढे शिकता येते. म्हणून कितीही अडचण असली तरी चालू सत्राची परीक्षा बुडवू नका. ती द्या, मग घरी जा. आणि पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा नियम केवळ कागदावर आहे, असे वरच्या वर्गातली मुले सांगतील. त्यांचे ऐकू नका.

उसाचे बिल आणि कॉलेजचे शुल्क

आता पालकांशी थोडे बोलतो, कारण पैशाचा विषय मुलांपेक्षा त्यांना अधिक समजतो.

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आपल्या दोन्ही तालुक्यांचा बागायती भाग उभा आहे. सुपे-मोरगावकडचा जिराईत भाग मात्र पावसाकडे डोळे लावून असतो. परंतु दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. जून-जुलैमध्ये घरात रोख पैसा नसतो. कारखान्याचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होते, उसाचे बिल त्यानंतर. महाविद्यालयाचे शुल्क, खोलीचे आगाऊ भाडे, खाणावळीची अनामत, पुस्तके हे सगळे खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर येऊन उभे राहते. बी-बियाणे आणि प्रवेश यांची एकाच पाकिटात ओढाताण होते. ही दरवर्षीची गोष्ट आहे, तेव्हा तिची तरतूदही दरवर्षीची असावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बिल हाती आले की त्यातला वर्षाच्या शिक्षणाचा भाग मुलाच्या किंवा मुलीच्या नावे वेगळा ठेवावा. शुल्क हप्त्याने भरता येईल का, हे प्राचार्यांना लेखी अर्ज करून विचारावे. तोंडी विचारलेले विसरले जाते. अर्जावर आवक क्रमांक पडतो.

शासनाच्या योजना महाडीबीटी या संकेतस्थळावर एकत्र आहेत. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला असलेल्या, अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त समाजातील मुलांसाठी त्याच धर्तीवर सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. अटी आणि मुदती बदलत असतात, म्हणून मी सांगितलेले अंतिम समजू नका; ज्या लिपिकांशी ओळख करून घ्यायला सांगितले, त्यांना विचारा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, आणि आधारशी जोडलेले बँक खाते एवढी चार कागदे पावसाळ्यातच हाताशी ठेवा. अर्ज भरून संपत नाही. तो महाविद्यालयाने पुढे पाठवला का, त्रुटी काढून परत आला का, हे पंधरा दिवसांनी एकदा पाहावे लागते. कित्येक अर्ज त्रुटीच्या रकान्यात पडून राहतात आणि विद्यार्थी पैशांची वाट पाहत राहतो.

कमवा व शिका योजनेत काम करण्याची काही मुलांना लाज वाटते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले ते याच पायावर. तेथे शेतात आणि बांधकामावर राबत मुले पदवीधर झाली. त्याआधीच्या पिढ्या पुण्यात वार लावून जेवल्या. रोज दुसऱ्याच्या दारी ताटावर बसण्यापेक्षा ग्रंथालयात दोन तास पुस्तके लावून मानधन घेणे कितीतरी सन्मानाचे आहे. पदवीनंतर पुण्याला जाणार असाल तर १९५५ पासून ग्रामीण मुलांसाठी वसतिगृहे चालवणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीचे नाव आताच टिपून ठेवा.

इंग्रजीचे ओझे

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचा, विशेषतः विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांचा, घास पहिल्या महिन्यात घशातच अडकतो. तासाला बसलेला मुलगा मान हलवतो, वहीत उतरवून घेतो आणि घरी गेल्यावर त्याला स्वतःचेच अक्षर परके वाटते. तो समजतो, आपली बुद्धी कमी पडली. बुद्धी तीच असते. शब्द बदललेले असतात.

यावर मी पाहिलेला उपाय सांगतो. उद्या जो भाग शिकवला जाणार आहे, तो आज रात्री आपल्या भाषेत समजून घ्या. बारावीचे मराठी पुस्तक टाकून देऊ नका. भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश तयार केले आहेत, मराठी विश्वकोश संगणकावर विनामूल्य वाचता येतो. एका वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी संज्ञा, उजवीकडे मराठी, आणि खाली आपल्या शिवारातले एक उदाहरण. ज्याला 'ऑस्मोसिस' हा शब्द अडतो, त्याने क्षारपड जमिनीत पाणी भरपूर असूनही पीक का सुकते ते आठवावे. बापाला जे अनुभवाने माहीत आहे, त्याचेच ते नाव आहे. दिवसाला पाच संज्ञा म्हटल्या तरी दिवाळीपर्यंत चारशेच्या पुढे जातात. आणि तासात एक प्रश्न विचारायचाच. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारा. बारामतीच्या वर्गात मराठीत विचारलेला प्रश्न कळला नाही, असे सांगणारा प्राध्यापक मला अजून भेटलेला नाही.

भ्रमणध्वनीबद्दल फार बोलत नाही, कारण ते तुम्ही ऐकणार नाही. एवढेच सांगतो की, आपल्या कृषी विज्ञान केंद्राच्या शिवारात आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने उसाला पाणी आणि खत किती द्यावे याचे प्रयोग चालतात. तेथेही यंत्राला मातीची खरी माहिती पुरवावी लागते. तुम्ही प्रकल्पाचे लेखन त्याच यंत्राकडून करून घेतलेत तर तोंडी परीक्षेत तुमच्या मातीत काय आहे ते दुसऱ्या प्रश्नाला उघड होईल.

खोली, खाणावळ, झोप याविषयी तुमच्या आईने सांगितलेले पुरेसे आहे. फक्त सकाळचा नाश्ता टाळून वडापाववर दिवस काढू नका.

मुलींच्या पालकांना मात्र एक विनंती. गावाहून रोज एसटीने येणाऱ्या मुलीचे वेळापत्रक महाविद्यालय ठरवत नाही, शेवटची गाडी ठरवते. प्रात्यक्षिक पाच वाजता संपते आणि गाडी साडेचारला सुटते, मग मुलगी प्रात्यक्षिक सोडते, आणि गुणपत्रिकेत ते तिचे अपयश म्हणून नोंदले जाते. विद्यार्थ्यांना मासिक पासात मोठी सवलत आहे, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पण गाडीच नसेल तर सवलत काय कामाची? पाच-सहा गावांच्या पालकांनी मिळून आगार व्यवस्थापकांना आणि प्राचार्यांना एकाच दिवशी निवेदन द्यावे. तासिकेची वेळ अर्धा तास अलीकडे आणता येते, फेरी अर्धा तास पुढे ढकलता येते. एकटी मुलगी हे विचारू शकत नाही. तुम्ही विचारू शकता. "उद्यापासून घरी बस" हे उत्तर मात्र देऊ नका.

छळाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. "आमच्या वेळीही झाले होते" म्हणणाऱ्या वरच्या वर्गातील मुलांना तो माहीत नसतो. प्रत्येक महाविद्यालयात समिती असते, आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरासाठीचा क्रमांक आहे. तसेच मन फारच खचले, झोप उडाली, नको ते विचार येऊ लागले, तर १४४१६ हा टेलिमानसचा शासकीय क्रमांक चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते. ताप आला तर आपण दवाखान्यात जातो. यातही तितकाच संकोच असावा, म्हणजे मुळीच नसावा.

महर्षी कर्व्यांची एक हकीकत आहे. मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी ते घाटातून चार दिवस पायी गेले, सुमारे एकशे दहा मैल. तेथे पोहोचल्यावर वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. आपण ही गोष्ट चालण्याच्या चिकाटीसाठी सांगतो. मला त्यातली परतीची वाट आठवते. ते चार दिवस त्या मुलाच्या मनात काय चालले असेल? आणि तरीही त्याने शिकणे सोडले नाही. घरी पोहोचल्यावर त्याला कोणी काय म्हटले असेल, यावर बरेच अवलंबून असते.

म्हणून पालकहो, दूरध्वनीवर दर वेळी "किती टक्के पडले?" असे विचारू नका. "या आठवड्यात नवीन कोणाची ओळख झाली?" असे विचारा. महिनाभर उत्तर "कोणाची नाही" असे आले तर एखाद्या गुरुवारी बाजाराच्या निमित्ताने बारामतीला या, त्याच्याबरोबर खाणावळीत जेवा. एखादा विषय राहिला तर तो पुढच्या सत्रात सोडवता येतो. त्यासाठी घरातले वातावरण सुतकी करू नका. आणि दिवाळीला मुलगा किंवा मुलगी घरी आली की फराळाच्या आधी सामानाकडे पाहा. ट्रंक आणि अंथरूण परत आले असेल, तर त्या रात्रीच जवळ बसवून कारण काढून घ्या. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर स्वतः महाविद्यालयात चला.

हे गाव बाहेरून आलेल्यांना सामावून घेणारे आहे. मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा, १७२९ सालचा. अध्ययनही तिकडेच, पाध्ये बंधूंपाशी. पुढे नाईकांच्या आश्रयाला ते येथे आले आणि आयुष्यभर कऱ्हेकाठचे होऊन राहिले. इंदापूरहून किंवा भिगवणहून येणे त्यामानाने सोपे आहे.

माझे बोलणे येथे थांबवतो. शिष्यवृत्तीच्या कागदांबद्दल ज्यांना काही विचारायचे असेल, त्यांनी मागच्या टेबलाशी यावे. दोन माजी विद्यार्थी तेथे अर्ज तपासून देणार आहेत. मीही शेवटचा माणूस जाईपर्यंत आहे. पुढच्या रांगेतील निळ्या सदऱ्यातल्या मुलाने मघापासून दोनदा हात अर्धा वर करून खाली घेतला आहे. बाळा, पहिला प्रश्न तुझा.